प्रोस्टेटची बायोप्सी : भीती आणि वस्तुस्थिती

साठी उलटलेली आपली वडीलधारी माणसे रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात, धार बारीक झालेली असते. पण संकोचापोटी घरात कोणाजवळ बोलत नाहीत. पुढे डॉक्टरांनी बायोप्सी सुचवलीच, तर 'सुई लागली की कर्करोग पसरतो' ही ऐकीव गोष्ट आडवी येते आणि तपासणी राहून जाते. म्हणून या तपासणीची शास्त्रीय माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. वयोमानानुसार ती वाढते. ही वाढ बहुधा साधी असते, कर्करोगाची नव्हे. उलट, कर्करोग सुरुवातीला काहीच त्रास देत नाही, असेही घडते. रक्तातील पीएसए या प्रथिनाचे प्रमाण वाढले की संशय येतो. परंतु साध्या वाढीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही ते वाढते. म्हणजेच रक्ततपासणी ही केवळ सूचना आहे, निकाल नव्हे. निकाल मिळतो तो बायोप्सीने, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याने.

आता प्रश्न असा, की तुकडा घ्यायचा कोठून? पूर्वी डॉक्टर गुदद्वारातून बोटाने चाचपून, कठीण लागेल तेथे सुई घालीत. १९८९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील हॉज, स्टेमी आदी डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या आधारे सहा ठरावीक जागांतून तुकडे घेण्याची पद्धत मांडली. पुढे ही संख्या दहा-बारावर गेली. परंतु सोनोग्राफीत ग्रंथी दिसली तरी गाठ स्पष्ट दिसतेच असे नाही. शेतात ठरावीक अंतरावर बोअर घ्यावेत आणि पाणी नेमके दोन बोअरच्या मधून जावे, तसे येथे होत असे.

ही अडचण एमआरआयने बरीच दूर केली. एमआरआयच्या चित्रात संशयित भागाला १ ते ५ असे गुण देतात. गुण जितके अधिक, तितका संशय बळकट. मग हे चित्र सोनोग्राफीच्या चालू चित्राशी संगणकावर जुळवून सुई थेट त्या भागात नेतात. यालाच फ्यूजन बायोप्सी म्हणतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिसिजन' या ५०० पुरुषांवरील अभ्यासात एमआरआयच्या मार्गाने ३८ टक्के, तर जुन्या पद्धतीने २६ टक्के जणांत उपचारयोग्य कर्करोग सापडला. शिवाय एमआरआय गटातील २८ टक्के जणांना बायोप्सीची गरजच पडली नाही. मात्र एमआरआय निर्दोष आला तरी क्वचित कर्करोग निसटू शकतो. म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

बायोप्सी बहुधा जागा बधिर करून होते आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. सुई गुदद्वाराच्या मार्गाने किंवा वृषण व गुदद्वार यांमधील त्वचेतून घालतात. दुसऱ्या मार्गात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. नंतर काही दिवस लघवीत, आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकते. त्याने घाबरू नये. परंतु ताप, थंडी किंवा लघवी तुंबणे यांपैकी काही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत.

राहिली सुईने रोग पसरण्याची भीती. प्रोस्टेटच्या बाबतीत असे घडणे अत्यंत विरळ आहे. तपासणी टाळल्याने रोग आत वाढत राहण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कर्करोग निघाला तरी प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. तुकड्यांतील पेशी पाहून रोगाची तीव्रता ठरवतात. त्यासाठी ग्लीसन यांची गुणपद्धती वापरतात. सौम्य रोगात ठरावीक काळाने तपासण्या करीत नुसते लक्ष ठेवणे, हाही मान्य उपाय आहे. अनावश्यक उपचार टाळण्यासाठीसुद्धा अचूक बायोप्सी हवी, ती याचसाठी.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील आजोबांना, वडिलांना हे समजेल अशा भाषेत सांगा. दवाखान्यात त्यांच्यासोबत जा, कागद नीट वाचा, शंका निःसंकोच विचारा. शिक्षणाचा उपयोग घरच्या माणसाची भीती घालवण्यासाठी झाला, तर आमच्या या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.