काडतुसाची पितळी पुंगळी

रायफलच्या काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली प्रायमरची टोपी, धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. खरी कामगिरी पुंगळीची. बार उडताच ती फुगून नळीच्या कप्प्याला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर ओढता येते. हा गुण साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताच्या पितळेत उत्तम उतरतो. पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांबवतात. ओढताना धातू कडक होतो, त्यामुळे मधूनमधून तापवून मऊ करावा लागतो. कल्याणपुढे अंबरनाथच्या आयुध निर्माणीत अशा पितळी वाट्या बनतात. १९५३ साली सुरू झालेला हा कारखाना २०२१पासून नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे आहे.

पुंगळी बाराने नष्ट होत नाही. म्हणूनच अमेरिकेत अनेक शिकारी ती घरी पुन्हा भरतात. पैसा वाचतो, आणि आपल्या रायफलला मानवणारा भरणा ठरवता येतो. भारतात मात्र हा छंद जवळजवळ नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५नुसार दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो, आणि शिकार तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने, मोजके अपवाद सोडता, बंदच झाली. ०.३१५ इंची रायफलचा परवानाधारक काडतुसे तयारच विकत घेतो, तीही परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच.