शेततळ्यातली मरळ आणि पत्र्याचा गळ

तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली आणि पुढं जाळं ओढलं तर हाती मूठभर मासळी, असं झालं की मरळीचा संशय घ्यावा. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यासोबत ती आत शिरते. हवेतून श्वास घेत असल्यानं ओल्या गवतातून सरपटतही येते. पाणी आत येतं त्या तोंडाला बारीक जाळी लावा.

शिरलेली मरळ जाळ्यात सहसा गवसत नाही, गाळात दबून बसते. तिला चमकत्या पत्र्याचा गळ बरा. रोहू, कटला त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यांना कणकेची गोळी हवी. मरळ मात्र पळत्या मासोळीवर झडप घालते. पत्रा करंगळीएवढा, 10 ते 15 ग्रॅमचा घ्यावा. कोकणात खडकाळ समुद्रात जड गळ लागतो. आपल्या उथळ तळ्यात तो गाळात रुतायचा. सकाळी नाहीतर सांजच्याला गवताच्या कडेनं फेका, तंगूस हळू ओढा, मधेच ढिला सोडा, की पत्रा मासोळीवाणी लपकतो. पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला, की मोठी मरळ खालीच आहे समजा.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मात्र हा गळ टाकूच नका. आकडा अडकला की कापड फाटतं अन् पाणी झिरपून जातं. तिथं तरंगत्या लाकडाला बांधून, बेडकी लावलेला एकच आकडा वरच्यावर ठेवा.

नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा अशा धरणांवर गळ टाकायचा तर आधी ठेका असलेल्या संस्थेला विचारा. धरलेली मरळ ओल्या पोत्यात बराच वेळ जिवंत राहते, अन् जिवंत मरळीला बाजारात रोहूपेक्षा भाव बरा मिळतो.