उंदीर भिंतीकडेनंच का पळतो?

घरातला उंदीर सहसा खोलीच्या मधून जात नाही. त्याची नजर अधू असते, म्हणून मिशा भिंतीला लावून तो कडेकडेनं धावतो. तेव्हा पिंजरा स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवून उपयोग नाही. भिंतीला टेकवून, दार त्याच्या वाटेवर येईल असा ठेवा. चीज कार्टूनपुरतं ठीक, आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट किंवा भजं बरं.

पण पकडणं हे अर्धंच काम. मादी जेमतेम 3 आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि तीही दीड-दोन महिन्यांत वयात येतात. एकेक पकडून किती पुरे पडणार? खरा इलाज फटींवर. पेन्सिल शिरेल एवढी, म्हणजे साधारण 6 मिलिमीटरची फटही उंदराला पुरते. सिंकच्या पाइपाभोवती चिंधी कोंबाल तर ती कुरतडली जाईल. तारेची घासणी ठासून वर सिमेंट लावा.

अल्ट्रासोनिक यंत्रावर पैसे घालवू नका, त्या आवाजाला उंदीर लवकरच सरावतो. आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका: ती पोटात गेल्यास माणसाचं यकृत निकामी होऊ शकतं आणि तिच्यावर नेमका उतारा नाही.