विश्लेषण : सर्व्हरवरची लॉग फाइल डिलीट का होत नाही? तिला अडवणारा प्रोग्राम कसा शोधायचा?

सर्व्हरची डिस्क जवळपास भरली आहे. संकेतस्थळ कधीही बंद पडू शकते. शोध घेतल्यावर एकच अवाढव्य लॉग फाइल जागा खात असल्याचे दिसते. पण ती डिलीट करायला जावे, तर विंडोज सांगते, ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे.’ तो प्रोग्राम कोणता, हे मात्र अनेकदा सांगत नाही. अशा वेळी सर्व्हरच रिस्टार्ट करण्याचा मोह होतो. पण त्यामुळे सुरू असलेली सेवाही खंडित होते. त्यापेक्षा फाइल कोणी धरली आहे, हे शोधणे सोपे आहे.

फाइल ‘लॉक’ का होते?

लॉग फाइल म्हणजे सर्व्हरची नोंदवही. कोणी कोणते पान मागितले, कुठे चूक झाली, याची ओळ तीत सतत लिहिली जाते. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखीच ही गोष्ट. वॉचमन लिहीत असताना ते वाचता येईल. पण उचलून नेता येणार नाही.

विंडोजमध्ये फाइल उघडतानाच प्रोग्राम तीन गोष्टी ठरवतो : इतरांना ती वाचता येईल का, तीत लिहिता येईल का आणि ती डिलीट करता येईल का. परवानगी नसलेली कृती केली की ‘एरर 32’ येतो.

फाइल धरणारे कोण असू शकतात?

पहिला संशयित म्हणजे लॉग लिहिणारा प्रोग्राम. त्यानंतर अँटिव्हायरस, बॅकअप आणि लॉग दुसरीकडे पाठवणारे सॉफ्टवेअर. फाइल मोठी असली की ती तपासायला किंवा कॉपी करायला वेळ लागतो, त्यामुळे ती जास्त काळ अडकून राहते. कधी कधी सहकाऱ्याने नेटवर्कवरून उघडून ठेवलेली असते.

नाव कसे शोधायचे?

रिसोर्स मॉनिटर : हे विंडोजमध्येच असते. त्यातील ‘सीपीयू’ टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फाइलच्या नावाचा काही भाग टाइप करावा. प्रोग्रामचे नाव आणि पीआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, समोर येतो.

प्रोसेस एक्सप्लोरर : मायक्रोसॉफ्टच्या ‘सिसइंटर्नल्स’ संचातील हे मोफत टूल आहे. ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून कंट्रोल आणि एफ दाबले की शोधचौकट येते. याच संचातील ‘हँडल’ कमांड लाइनवरून हेच काम करते.

फाइल लॉकस्मिथ : मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवरटॉइज’ इन्स्टॉल केलेले असेल तर फाइलवर राइट क्लिक करूनही उत्तर मिळते.

फाइल नेटवर्कवरून उघडलेली असेल, तर ज्या सर्व्हरवर ती आहे तिथेच ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधील ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्यातील ‘ओपन फाइल्स’ पाहावे. तिथे वापरकर्त्याचे नाव दिसते.

‘सिस्टीम’ असे नाव दिसले तर?

इथे अनेक जण अडतात. पीआयडी 4 असलेली ‘सिस्टीम’ म्हणजे विंडोजचा गाभा; ती बंद करता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरचे लॉग गाभ्यातला ड्रायव्हर लिहितो, म्हणून तिथे हेच नाव दिसते. यावर उपाय म्हणजे आयआयएसच्या लॉगिंग सेटिंगमध्ये ठरावीक वेळेने किंवा आकारानंतर नवी फाइल सुरू करणे. नवी सुरू झाली की जुनी मोकळी होते.

‘हँडल’ जबरदस्तीने बंद करावे का?

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये तशी सोय आहे. पण ती शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी. प्रोग्रामला न कळता त्याच्या हातातली फाइल काढून घेतली, तर तो कोसळू शकतो किंवा डेटा बिघडू शकतो. संबंधित सेवा रीतसर थांबवणे, फाइल हलवणे आणि सेवा पुन्हा सुरू करणे, हाच सुरक्षित क्रम.

लिनक्सवर काय होते?

तिथे उलटाच घोळ होतो. फाइल लगेच डिलीट होते, पण जागा मोकळी होत नाही. प्रोग्रामने ती उघडी ठेवलेली असेल तर नाव जाते, मजकूर डिस्कवरच राहतो. त्यामुळे ‘डीएफ’ कमांड डिस्क भरलेली दाखवते आणि ‘डीयू’च्या बेरजेत ती फाइल सापडत नाही. अशा फाइल कोणी धरल्या आहेत, हे ‘एलएसओएफ’ ही कमांड सांगते. तो प्रोग्राम रिस्टार्ट केला की जागा सुटते. पुढे हा प्रसंग येऊ नये म्हणून ‘लॉगरोटेट’ लावून ठेवावे.

डिलीट करण्यापूर्वी काय पाहावे?

‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपणे बंधनकारक आहे. सायबर हल्ला झाल्यास तपास याच नोंदींवरून होतो. त्यामुळे लॉक सुटल्यावर फाइल थेट डिलीट न करता आधी कॉम्प्रेस करून दुसऱ्या डिस्कवर हलवावी. ती तिथे नीट उघडते याची खात्री झाल्यावरच मूळ प्रत काढावी.