मधलं बोट वाकतं का?

चिकनवाल्याला आधी वाटायचं, मी पाय सूपसाठी नेते. "एवढे पाय, मॅडम? पाहुणे आलेत काय?" खरं कारण सांगितलं, तेव्हापासून मोठाले पंजे तो बाजूला काढून ठेवतो आणि पैसे घेत नाही.

हा उद्योग सुरू झाला एका कोयत्यामुळे. "नस तुटलीय" म्हणत आलेल्या माणसाच्या बोटातलं टेंडन मी जोडलं, आणि सरांनी माझा टाका काही न बोलता कापून पुन्हा घातला. रुग्णाच्या बोटावर हात बसवणं बरं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून आता सराव कोंबडीच्या पंजावर. पंजा थर्माकोलवर टाचण्यांनी पसरते. मधल्या बोटाची तळाकडची कातडी उभी चिरली की चकचकीत पांढरं आवरण दिसतं. आत एकावर एक टेंडन असतात. वरचं दुभंगलेलं आणि त्या फटीतून खालचं पुढे गेलेलं, थेट माणसाच्या बोटासारखं. माणसाच्या बोटात ही टेंडन एकाच आवरणातून जातात, त्या अरुंद पट्ट्याला सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं. इथं लगेच जोड घालायचा नाही, असा तेव्हाचा दंडक. 1960च्या दशकात क्लाइनर्ट, व्हेर्डां वगैरेंनी तो मोडला.

पंधरा नंबरच्या ब्लेडनं टेंडन आडवं कापायचं. धागा 4-0 पॉलिप्रॉपिलीनचा, मुदत संपलेला, ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांकडून मागून आणलेला. चिमटा फक्त कापलेल्या तोंडात लावायचा, टेंडनच्या अंगाला नाही. सुई तोंडातून आत, सेंटिमीटरभर पुढं बाहेर, मग आडवी, पुन्हा तोंडाकडं. हा सुधारित केसलर टाका. त्याची गाठ दोन टोकांच्या मध्ये पुरायची. मग कडेनं 6-0ची बारीक शिवण, साडीला फॉल लावावा तशी. गाठ जास्त आवळली तर जोड गोळा होतो, सैल राहिली तर फट पडते.

आता परीक्षा. वरच्या बाजूनं टेंडन धरून ओढायचं. जोड जाड झाला असेल तर तो आवरणाच्या काठाला अडतो, बोटांना टक्क जाणवतं. सिलिकॉनच्या ज्या पॅडवर मी टाके शिकले, त्यानं अशी चूक कधी दाखवलीच नव्हती.

कल्पना काही नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, कापायला कोहळा-काकडी, टोचायला मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ, शिवायला कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा सांगितल्या आहेत. प्रत्येक कामाला वेगळी वस्तू! आम्ही मात्र सगळं काही त्या एका सिलिकॉनच्या पॅडवर शिवत बसलो.

पंजातून रक्त येत नाही. शिवाय सहा आठवड्यांनी जोड भोवतालच्या आवरणाला चिकटला की नाही, हे तो कधीच सांगणार नाही. तेवढ्यासाठी रुग्णाचीच वाट बघावी लागते.

काल आठ पंजे केले. सातव्याचं बोट पूर्ण वाकलं. आठव्याचं अर्ध्यावर अडलं.