रुईचा पुंजका आणि पृथ्वीची ओढ

चाळीसगावच्या अकरावीतल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: गुरुत्वाकर्षणाचं आणि कूलोमचं सूत्र एकाच साच्यातलं, मग गणितात कुठलं बल सोडून द्यायचं हे ओळखायचं कसं?

खानदेशातला प्रश्न, तर उत्तर कापसातच शोधू. जिनिंगमधल्या रुईचे दोन पुंजके घ्या, प्रत्येकी १ मिलिग्रॅमचे. एक खाली, दुसरा बरोबर त्याच्या वर १ सेंटिमीटरवर. दोघांवर सारखाच ऋण प्रभार. वरचा अधांतरी राहायचा तर प्रभार किती हवा? त्याचं वजन साधारण एक लाखांश न्यूटन. प्रतिकर्षण तेवढंच हवं. आकडे मांडले की प्रत्येकावर सुमारे २०० कोटी जादा इलेक्ट्रॉन येतात. फार वाटतात ना? पण पुंजक्यात मुळातच असलेल्या इलेक्ट्रॉनांशी ताडून पाहा: दर १५ हजार कोटींमागे जेमतेम एक जादा. तेवढ्यानं अख्ख्या पृथ्वीची ओढ तोलली जाते! हे गणित मी कितीदा केलं तरी थक्क होतो.

त्या दोन पुंजक्यांमधलं आपसातलं गुरुत्वबल मात्र या प्रतिकर्षणाच्या १५ लाख कोटींव्या भागाएवढं. ते खुशाल सोडा. पृथ्वीचं सोडू नका, कारण धन आणि ऋण प्रभार एकमेकांना खोडून टाकतात. वस्तुमानाची मात्र नुसती बेरीजच होत जाते.

आता चाळीसगावचं नाव निघालंच आहे, तर जवळच्या पाटणादेवीकडे वळू. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांबद्दल ‘न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण’ हा दावा आपल्याकडे हमखास ऐकू येतो. त्यांच्या ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या आकृष्टिशक्तीचा उल्लेख आहे, हे खरं. पृथ्वी स्वतः का पडत नाही, या प्रश्नाला दिलेलं ते सुंदर उत्तर आहे. पण रुईचा पुंजकाही पृथ्वीला ओढतो, आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, हे त्यात नाही. वरचं गणित त्यावर सुटत नाही. ग्रहांची तात्कालिक गती काढणाऱ्या या गणितज्ञाला उसन्या श्रेयाची गरजच काय?

श्रेय द्यायचं राहून गेलंय ते हेन्री कॅव्हेंडिशचं. १७९८मध्ये त्यानं बारीक तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकांशी शिशाचे छोटे गोळे लावले आणि सुमारे १५८ किलोच्या मोठ्या गोळ्यांकडे ते किती ओढले जातात, हे मोजलं. त्याला हवी होती पृथ्वीची घनता. गुरुत्वस्थिरांक पुढे इतरांनी त्यातूनच काढला. पण या प्रयोगाच्या कितीतरी आधी, १७७३च्या सुमारास, त्यानं एकात एक बसवलेले गोल प्रभारित करून पाहिले होते. आतल्या गोलावर प्रभार उरत नाही, यावरून विद्युतबलही अंतराच्या वर्गानुसार घटतं, हे त्यानं ताडलं. कूलोमचे प्रयोग १७८५चे. कॅव्हेंडिशनं आपला निष्कर्ष छापलाच नाही. त्याच्या वह्या १८७९मध्ये मॅक्सवेलनं संपादित करून प्रसिद्ध केल्या, तोवर नियमाला कूलोमचं नाव पक्कं चिकटलं होतं.