यूरोपीय टपाल नियामक गट

यूरोपीय संघाच्या सदस्य-राष्ट्रांतील टपालसेवांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचा सल्लागार गट. यूरोपीय आयोगाने १० ऑगस्ट २०१० रोजी एका निर्णयान्वये त्याची स्थापना केली.

टपालविषयक आंतरराष्ट्रीय सहकार्याचा पाया बर्न येथील १८७४ च्या कराराने घातला. त्यातून निर्माण झालेल्या संघटनेस १८७८ मध्ये जागतिक टपाल संघ हे नाव मिळाले. त्या काळी टपाल वाहणारे आणि त्याचे नियम करणारे खाते बहुधा एकच असे. शासकीय मक्तेदारी होती तोवर ही व्यवस्था चालून गेली. यूरोपीय संघाने १९९७ च्या निदेशान्वये ही मक्तेदारी टप्प्याटप्प्याने मर्यादित केली. पत्रांसाठी राखीव वजनाची कमाल मर्यादा प्रथम ३५० ग्रॅम होती. ती २००३ पासून १०० व २००६ पासून ५० ग्रॅमवर आली. २००८ च्या निदेशाने बहुतेक राष्ट्रांत २०१० अखेर व उर्वरित राष्ट्रांत २०१२ अखेर राखीव क्षेत्र संपुष्टात आणावयाचे ठरले.

स्पर्धेमुळे दुर्गम भागातील नागरिक सेवेला पारखा होऊ नये, म्हणून आठवड्यातून किमान पाच दिवस टपाल गोळा करणे व त्याचा बटवडा करणे, तसेच दर परवडणारे ठेवणे, हे सार्वत्रिक सेवेचे बंधन निदेशांत घालण्यात आले. त्यावर देखरेख ठेवणारी संस्था टपाल कंपन्यांपासून कायद्याने वेगळी व कार्यतः स्वतंत्र असावी, असेही बंधन आहे. कारण अनेक राष्ट्रांत मुख्य टपाल कंपनीची मालकी शासनाकडेच राहिली.

सीमेपलीकडे जाणाऱ्या टपालाच्या बाबतीत मात्र एकट्या नियामकाचे अधिकार अपुरे पडतात. पत्राचे मूल्य पाठविणाऱ्या देशात वसूल होते, तर बटवड्याचा खर्च दुसऱ्या देशात होतो. अशा जलद टपालापैकी ८५ टक्के तीन दिवसांत व ९७ टक्के पाच दिवसांत पोहोचावे, असे प्रमाण निदेशाने घालून दिले. परंतु विलंब कोठे झाला, हे दोन्ही टोकांची माहिती एकत्र आल्याशिवाय कळत नाही. ही उणीव भरून काढणे, खर्चमापनाच्या समान पद्धती सुचविणे व आयोगास सल्ला देणे ही गटाची प्रमुख कार्ये होत. राष्ट्रीय नियामक संस्थांचे प्रमुख वा प्रतिनिधी त्याचे सदस्य असतात. गटाचे मत बंधनकारक नसते. निर्णयाचा अधिकार राष्ट्रीय संस्थांकडेच राहतो.

पार्सलांविषयीच्या २०१८ च्या विनियमानुसार कंपन्या आपले दर दरवर्षी राष्ट्रीय नियामकास कळवितात, आयोग ते प्रसिद्ध करतो आणि अवाजवी वाटणाऱ्या दरांची नियामक छाननी करतात.

पत्रसंख्येतील घट हा या व्यवस्थेपुढील सर्वांत बिकट प्रश्न होय. डेन्मार्कमध्ये शासकीय मालकीच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रांचा बटवडा बंद केला व ते काम खाजगी कंपनीकडे गेले. त्यामुळे सार्वत्रिक सेवेचा खर्च कोणी व किती काळ सोसावा, हा वाद अधिक तीव्र झाला आहे.

भारत १८७६ मध्ये जागतिक टपाल संघाचा सदस्य झाला. जून २०२४ पासून अंमलात आलेल्या टपाल कार्यालय अधिनियमाने पत्रवहनाचा शासनाचा अनन्य अधिकार वगळला. त्यात स्वतंत्र नियामक संस्थेची तरतूद मात्र नाही.